उमेळ्यातली खून

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
३ डिसेंबर २०२४

प्रिय काशीराम,
सप्रेम नमस्कार.

आजपासून फोन बंद. तुला ऐकू कमी येतं म्हणून तू ओरडून बोलतोस आणि तुझं ओरडणं माझ्या फोनमधून थेट जिन्यात उतरतं. काल तू सांगितलंस, मुकादम तिसऱ्या प्रकरणात मरणार. संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या रीमाताईंनी मला हळूच विचारलं, "मुकादम कसे आहेत हो आता?" रहस्यकथेचं रहस्य असं पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पसरलं तर स्पर्धेत वाचायचं काय? तेव्हा यापुढे पत्रं. हंसावहिनी भाजी घेऊन रोज आमच्या फाटकाशी बसतातच, त्यांच्या टोपलीतून ये-जा होईल.

आता कादंबरी. तीन प्रकरणं वाचली. कोळशाची खाण बंद पडत आलेलं गाव, टाळं लागलेली दुकानं, नुसते बसून राहिलेले मजूर, सगळं झकास उभं राहिलंय. 'ज्या दिवशी भोंगा वाजला नाही त्या दिवशी काळेगावातली कुत्रीसुद्धा उठली नाहीत' हे वाक्य मला सुचलं असतं तर मी चार दिवस मिरवलं असतं. पण बाबा रे, कोळशाच्या खाणीत भरती येत नाही! तुझे मजूर भरती ओसरेपर्यंत खाणीच्या तोंडाशी विड्या ओढत बसतात. ते तुमच्या मिठागरात. आणि कोळसा उन्हात वाळवत नाहीत.

दुसरं, तुझा न. तू बोलतोस तसाच लिहितोस. पानी, आनि, कोन, लोनी. मी एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. असली वही समोर आली की लाल पेन आपोआप चालतं. आतापर्यंत दोनशे चौदा ण बसवले. 'काळेगावची खान' हे शीर्षक बघून आमच्या जितेशने विचारलं, "बाबा, हे काळेगावचे खान कोण?"

एक शब्द मात्र तू जन्मजात शुद्ध लिहितोस, तो म्हणजे खून. त्यातला न हा नच आहे. खुनाच्या बाबतीत माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

सव्वीस जानेवारीला तुमच्या वाचनालयात शेवटचं प्रकरण लेखकाने स्वतः उभं राहून वाचायचं आहे, आणि तुझ्याकडे शेवटचं प्रकरणच नाही. मुकादमाला मारलं कोणी? आणि गाव कोळशाचंच का? उमेळ्यात माणसं मरत नाहीत का?

तुझा,
दिनानाथ

•

उमेळे
७ डिसेंबर

प्रिय दिनानाथ,
रामराम.

भरती काढून टाकली. मजूर आता विनाकारन बसतात. पन खान बंद पडायला आली की मानसं विनाकारनच बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक्याऐंशी साली केळ्यांचा ट्रक घेऊन तिकडे गेलो, ट्रक मोडला आनि अकरा दिवस अडकलो. कोळशाचंच गाव का, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

मुकादमाला कोनी मारलं ते मला माहीत नाही. रोज सकाळी केळींना पानी सोडताना विचार करतो. सगळ्यांचा संशय त्या मजूर मुरारीवर आहे, पन मुरारी माझा आवडता आहे, त्याला मी फासावर देनार नाही.

वाचायचं म्हटलं की मी विषय बदलतो. तुला सांगितलं नाही कधी. सहावीत मास्तरांनी धडा वाचायला उभं केलं. मी 'पानी' वाचलं. मास्तर म्हनाले, नीट म्हन. मी पुन्हा पानीच म्हनालो. वर्ग हसला. तास संपेपर्यंत तेच. त्या दिवसापासून मी चार मानसांत कधी वाचलं नाही. आता एकदा, फक्त एकदा, गावासमोर उभं राहून स्वतःचं लिहिलेलं वाचायचं आहे. म्हनून शेवट पाहिजे.

इकडे अल्पेश डोकं खातो. बिल्डरचा दलाल. आमची वाडी तोडून तिथे इमारत उभी करायची म्हनतो. रोज येतो, माझ्या फनसाखाली माझ्याच खुर्चीवर बसतो आनि माझ्याच घरचा चहा पितो. आमच्या कल्पेशला त्याने अर्धा वळवलाय. बाप असून मी घरात एकटा पडलोय.

काशीराम

•

एव्हरशाईन सिटी
१२ डिसेंबर

प्रिय काशीराम,

तुझ्या त्या मास्तरांचा मला राग आला. पण ण शिकायला वयाची अट नाही. रोज आरशासमोर वीस वेळा 'पाणी' म्हण.

शेवट अडलाय कारण तू मनाने लिहितोस. तुझा मारेकरी मुकादमाला ओढत नेतो आणि 'पटकन' पुरतो. पटकन? कधी माणसाएवढं वजन एकट्याने ओढलं आहेस का? लेखकाने अनुभव घ्यावा, जे केलं नाही ते लिहू नये, हे माझं ठाम मत आहे.

अल्पेशबद्दल म्हणशील तर अशा माणसाचा एकदाच काय तो कायमचा बंदोबस्त करून टाकावा. भिडस्तपणा सोड.

दिनानाथ

•

उमेळे
१८ डिसेंबर

प्रिय दिनानाथ,

तुझं ऐकलं. दोन्ही कामं एका दिवसात उरकली.

अल्पेश आता परत येनार नाही. कसं केलं ते भेटल्यावर सांगेन, पन शेवटी शेवटी तो हात जोडून 'काका, सोडा' म्हनत होता. मी सोडलं नाही.

मग तू म्हनालास तो अनुभव घेतला. सत्तर किलोचं पोतं एकट्याने वाडीतून ओढत नेलं. पटकन काही होत नाही रे! तीन फूट खड्डा खोदायला सगळी दुपार गेली, कंबर धरली. वर केळीची पानं पसरली आनि फनसाखाली खून केली आहे. पोत्यात काय ते इथे लिहीत नाही, पत्र हंसाच्या टोपलीतून येतं. तिला कळलं तर माझी धडगत नाही. कल्पेशलाही बोलू नकोस.

मन हलकं झालं. आता शेवटचं प्रकरन भराभर लिहून होईल.

काशीराम

•

एव्हरशाईन सिटी
२० डिसेंबर

काशीराम,

तुझं पत्र सात वेळा वाचलं.

तू हे काय केलंस? मी 'बंदोबस्त' म्हणालो तो चहा न देण्याच्या अर्थाने! 'अनुभव घे' म्हणालो तो लेखनापुरता! काल जितेशला नंबर शोधायला लावून अल्पेशला फोन केला. तेव्हापासून बंदच आहे. मी घरात काही बोललो नाही.

क्षणभर वाटलं, तुझ्या न-मुळे माझी काही गफलत होत असेल. पण तुझा तेवढा एकच शब्द शुद्ध असतो, हे मीच तुला लिहून दिलंय. (जाता जाता: 'खून केली' नव्हे, 'खून केला'. खून हा शब्द पुल्लिंगी आहे. मी पत्रात लाल पेनाने दुरुस्त केलं. एवढ्या मानसिक धक्क्यात लिंग चुकणं साहजिक आहे.)

स्वतःहून पोलिसांत जा. मी बरोबर येईन. पुरलेलं कधी लपत नाही.

दिनानाथ

•

उमेळे
२२ डिसेंबर

प्रिय दिनानाथ,

केवढं मनाला लावून घेतोस! मला वाटलंच, पोत्यात काय आहे ते तू ओळखलंस. पन त्यात पोलीस कशाला? घरातली गोष्ट आहे. फार तर हंसा चार दिवस बोलनार नाही.

आनि कायमचं थोडंच पुरलंय? मे महिन्यात उकरून काढायचं, तुकडे करायचे आनि वाडीभर पुन्हा पुरायचे. आमच्याकडे सगळेच करतात. माझे आजोबाही करायचे. कापल्यावर आतून जांभळं निघालं की समजायचं, छान टिकलं.

तुझ्यासाठी एक मोठा तुकडा बाजूला काढून ठेवतो. उंधियूत घाल. सुनेला सांग, हाताला तेल लावून चिरायचं, नाहीतर खाज येते.

काशीराम

•

एव्हरशाईन सिटी
२४ डिसेंबर

काशीराम,

तुकडा पाठवू नकोस. मी येतोय. एकटा नाही. मला क्षमा कर.

दिनानाथ

•

उमेळे
२६ डिसेंबर

दिनानाथ,

हे माझं शेवटचं पत्र.

काल नाताळ म्हनून सगळं गाव घरी होतं, ते बरंच झालं, नाहीतर कोनाला तरी बघायला मिळालं नसतं. तू हवालदाराला घेऊन आलास. जितेशच्या हातात फावडं. माझ्या फनसाखाली खोदायला लागलात. शेजारची प्रिस्का घरातला केक घेऊन आली आनि गर्दीला वाटायला लागली. आनि त्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत, केक खात उभा कोन? अल्पेश!

तू त्याला बघून रडलास. मला वाटलं, आता तरी संपलं. पन हवालदाराने तुझ्या हातातलं पत्र पुढे केलं आनि विचारलं, "अल्पेश जिवंत आहे, मग इथे खून कोनाचा?"

मी म्हनालो, "कोनाचा नाही. कोनाची म्हना. जागेची!"

"जागेचा खून?"

"जागेची खून! पोतं कुठे पुरलं ते कळायला फनसाला चुना लावून खून केली!"

"नीट म्हना."

मी पुन्हा म्हटलं. तो म्हनाला, परत म्हनून दाखवा. मी परत म्हटलं. मग कोनीतरी हसलं. मग सगळे हसले. कल्पेशही हसला. सत्तावन्न वर्षांनी मी पुन्हा त्याच वर्गात उभा होतो, आनि या वेळी मास्तरांना घेऊन तू आला होतास.

पोत्यात हंसाची बेन्याची, लावनीसाठी राखलेली जांभळी कोनफळं होती. मुकादमाच्या वजनाचं दुसरं काही घरात सापडलं नाही. तीही खड्ड्यात नव्हती. कोनीतरी चोरली. हंसाला काय सांगू? अल्पेशने तर सगळ्यांना सांगितलं, "काकांनी मला चार प्रकरनं वाचून दाखवली. पाचवं काढलं तेव्हा मी हात जोडले. त्या भीतीने फोन बंद ठेवला."

कोळशाचंच गाव का, असं तू विचारलं होतंस. सांगतो. तिकडचे लोकही पानीच म्हनतात. अकरा दिवस मी तोंड भरून बोललो आनि मला कोनी हसलं नाही. म्हनून.

वही चुलीत घालतो आहे.

काशीराम

•

एव्हरशाईन सिटी
२८ डिसेंबर

प्रिय काशीराम,

मी गाढव आहे. हे वाक्य तपासलं, त्यात चूक नाही.

'केली' माझ्या डोळ्यांसमोर होतं. खून पुल्लिंगी, खूण स्त्रीलिंगी. त्या एका 'केली'ने तू निर्दोष ठरत होतास. आणि मी काय केलं? ते खोडून तिथे 'केला' लिहिलं! एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि ज्या दिवशी मित्राचं खरं होतं त्या दिवशी ते दुरुस्त करून टाकलं. मला तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटते.

एकच मागतो. वही जाळू नकोस, तुझा शेवट सापडलाय. खाणीच्या खालच्या बोगद्यात छत कमकुवत झालंय. मुरारी तिथे चुन्याने फुली मारतो, कोणी जाऊ नये म्हणून. आणि भिंतीवर लिहितो, 'इथे मी खून केली'. वरच्यांना ती फुली दिसली तर खाण आजच बंद होईल, म्हणून मुकादम ती पुसायला जातो आणि छत त्याच्यावर कोसळतं. शहरातून आलेला शहाणा इन्स्पेक्टर भिंतीवरचं वाचतो आणि मुरारीला बेड्या घालतो. मुकादमाला कोणी मारलेलं नाही, तेव्हा ते ओढत नेऊन पुरणं तेवढं काढून टाक. तुझ्या मुरारीला फासावर जावं लागणार नाही.

त्या इन्स्पेक्टरला माझं नाव दे.

दिनानाथ

•

उमेळे
५ जानेवारी २०२५

दिनानाथ भावोजी,
नमस्कार.

माझा ण बघून दचकू नका. मी नववी शिकलेय. लिहिताना ण येतो, बोलताना येत नाही, आणि त्यावाचून माझी एकही गवार विकायची राहिलेली नाही.

कोनफळं चोरीला गेलेली नाहीत. यांनी पुरली त्याच संध्याकाळी मी काढली. बेण्याची कोनफळं ओल्या मातीत ठेवतात का कोणी? माळ्यावर आहेत. मला कसं कळलं म्हणाल, तर यांच्या कंबरेवरून आणि फणसावरच्या चुन्यावरून. एवढी मोठी फुली बघून आंधळासुद्धा विचारेल, इथे काय पुरलंय.

आणि तुमची पत्रं मी पहिल्यापासून वाचते. पाकिटं भाताने चिकटवलेली, वाफेवर धरली की उघडतात. गिऱ्हाईक नसलं की वेळ जात नाही. वीस तारखेचं तुमचं पत्र वाचलं तेव्हाच तुम्हाला फाटकाशी सांगायला हवं होतं की अहो, पोत्यात कंद आहेत. पण खरं सांगते, पुढे काय होतं ते बघायचं होतं. मग जे झालं ते बघून मला हसू आलं नाही. हे फणसाखाली मान खाली घालून उभे होते. तो दोष निम्मा माझा आहे.

तुमचं शेवटचं पत्र यांनी उघडलं नाही. मग मी वाचून दाखवलं. यांना ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने वाचलं. आता शेवट काय होणार ते आमच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण वाचून झाल्यावर हे उठले, चष्मा शोधला आणि लिहायला बसले. वही जाळली नव्हती. चुलीत घालतो म्हणून उठले होते खरे, पण आमच्याकडे चूल नाही, चार वर्षं गॅस आहे.

वही पाठवतेय. पण एक अट आहे, लाल पेन बाजूला ठेवून वाचा. मुरारीच्या तोंडी खूनच हवा. तुम्ही दोनशे चौदा ण बसवलेत, त्यात तो एक बसवलात तर सगळी गोष्ट तिथेच संपेल.

आणि हे रोज आरशासमोर वीस वेळा पाणी म्हणतात, दहा दिवस झाले. ते यांना बंद करायला सांगा. मला झोप लागत नाही.

हंसा

•

उमेळे
२७ जानेवारी

प्रिय दिनानाथ,
रामराम.

तू काल मागच्या दाराशी खांबाआड उभा होतास. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. वाचून झाल्यावर शोधलं तर नव्हतास. म्हनून लिहितो.

मी वही घेऊन उठलो. पहिल्याच ओळीत पानी आलं. मी थांबलो. मग मोठ्याने म्हटलं, पानी. कोनी हसलं नाही. मग जे सुटलो ते सुटलोच. भोंगा वाजवला, छत पाडलं, मुरारीच्या आईला रडवलं. अल्पेश पहिल्या रांगेत होता, त्याला पाचव्या प्रकरनानंतरचं ऐकायचं होतं.

आनि मग भिंत आली. 'इथे मी खून केली.' दिनानाथ, सगळ्या सभागृहातून एकदम 'अरेरे' आलं. सगळ्यांना त्याच क्षनी कळलं, मुरारीने काय केलं ते. कळलं नाही फक्त परीक्षक बाईंना. त्या शहरातून आलेल्या, फार शिकलेल्या. त्यांनी हात वर केला आनि मधेच म्हनाल्या, "माफ करा, पन 'खून केला' हवं ना?"

सभागृह हसलं. असं हसलं की पंखे हलले. आनि मागून तो हवालदार उठला, टोपी काढली आनि म्हनाला, "मॅडम, थांबा. मीही इथेच फसलो होतो."

दुसरा नंबर आला. पहिला दिपिका नावाच्या मुलीला. तिच्या गोष्टीत दोन खून आहेत, दोन्ही पुल्लिंगी.

कल्पेशने सगळं फोनवर टिपलंय आनि सारखं बघतो. आज सकाळी म्हनाला, फनस तोडायचा नाही, तिथे पाटी लावू: 'इथे खून झाली'. अल्पेशला चहा आता मी स्वतःहून देतो, त्याला पुढची कादंबरी ऐकवायची आहे.

इन्स्पेक्टरला तुझं नाव दिलं नाही. मनाला पटलं नाही. तू निघून का गेलास तेवढं कळव.

काशीराम

•

एव्हरशाईन सिटी
२८ जानेवारी

प्रिय काशीराम,
सप्रेम नमस्कार.

तो कोनफळाचा तुकडा आता पाठव. सून तेल लावून तयार बसली आहे. आणि आजपासून फोन पुन्हा चालू. तुझी दुसरी कादंबरी कशाबद्दल आहे, असं रीमाताई रोज विचारतात. ओरडून सांग, त्या जिन्यातच उभ्या राहतील.

निघून का गेलो म्हणतोस. मुरारी बेड्या घातलेल्या हातांनी भिंतीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, 'साहेब, मी केली, केली, केली', तिथे माझ्या डोळ्यांत पानी आलं. एवढ्या लोकांत कोणी बघू नये म्हणून बाहेर पडलो, आणि घरी पोचेपर्यंत पुसत होतो.

हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी नेहमीच्या सवयीने लाल पेन घेऊन वाचून काढलं. वर एक चूक दिसते आहे. ती तशीच पाठवतो.

तुझा,
दिनानाथ